आई, मावशी आणि इंटरकॉम : सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

मावशी गुरुवारी जिन्यात घसरली. खालच्या दोनच पायऱ्या उरल्या होत्या आणि जिन्याचा दोर हातात होता, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. उतरत कशाला होती? तर वर जळका वास आला, आणि आईला विचारायचं होतं की गॅसवर काही राहिलंय का.

मावशी ८३ वर्षांची, आई ७८. मावशीच्या डोळ्यांना पडद्याचा त्रास आहे. कडेचं थोडं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं, त्यामुळे अक्षर वाचणं बंद. आईला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्या कानात मशीन. संडास-बाथरूम माडीला लागून, म्हणून मावशी वर राहते. स्वयंपाकघर खाली, म्हणून आई खाली. दोघींमध्ये चौदा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना.

आजवर त्यांचा इंटरकॉम म्हणजे मावशीची काठी. एक ठोका म्हणजे जागी आहे, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे वर ये. तीन ठोके पडले की आई जिना चढते, काय हवं ते विचारते, खाली येऊन आणते, पुन्हा चढते. आज मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत वहीत रेघा मारत बसले. आईच्या अकरा फेऱ्या झाल्या. त्यातल्या सात नुसतं काहीतरी विचारायला किंवा सांगायला.

मोबाइल दोघींकडे आहेत. मावशीला सपाट काचेवर बोटाने काही सापडत नाही, आणि आईचा मोबाइल पिशवीत चार्जिंग संपून पडलेला असतो. सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे तो घरचा लँडलाइन नंबरच. म्हणून ठरवलं : दोन हँडसेटचा कॉर्डलेस घ्यायचा, त्यात इंटरकॉम हवा आणि स्पीकर हवा. बाकी काही नसलं तरी चालेल.

१२ जून, बुधवार

ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दोन प्रकारचे संच समोर आले. एकाच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्यावर १.८८ ते १.९० गिगाहर्ट्झ. दुकानदार म्हणाले, "ताई, बोलायला दोन्ही सारखेच." आपल्या घरात ते सारखे नाहीत हे मला ठाऊक होतं. आईचा जुना कॉर्डलेस २.४ चा आहे. वायफाय त्याच पट्ट्यात चालतं, आणि मायक्रोवेव्हही साधारण २.४५ वर. आईने दूध तापवायला लावलं की फोनमध्ये करकर सुरू व्हायची आणि ती फोन करणाऱ्याला म्हणायची, "थांबा हं, दूध होऊ दे."

१.८८ चा घेतला. त्याला डेक्ट म्हणतात. या पट्ट्यात दहा वाहक लहरी असतात, आणि प्रत्येकीवर वेळेचे चोवीस तुकडे पाडलेले असतात. बारा तुकडे बेसकडून (फोनच्या तारेला जोडलेल्या मूळ यंत्राकडून) हँडसेटकडे जायला, बारा परत यायला. हे चक्र दहा मिलिसेकंदांत पुरं होतं, म्हणजे हँडसेट आणि बेस सेकंदाला शंभर वेळा एकमेकांशी बोलतात. एका जागेवर गडबड वाटली तर फोन आपणहून दुसरी, स्वच्छ जागा शोधतो.

दुकानातच दोन गोष्टी तपासून घेतल्या. बटणं उठावदार आहेत का आणि पाचवर टिंब आहे का. पहिल्या संचात टिंब नुसतं छापलेलं होतं. ते मावशीच्या कामाचं नाही. दुसऱ्यात बोटाला लागेल असं होतं.

१५ जून, शनिवार

सेल घातले. प्रत्येक हँडसेटमध्ये १.२ व्होल्टचे दोन, निकेल-मेटल हायड्राइडचे, संचाबरोबर आलेले. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली : "साधे सेल घालू नयेत." पेन्सिल सेल संपले की आई कोपऱ्यावरून घड्याळाचे आणते. ते याच मापाचे असतात आणि यात बरोबर बसतात. पण चार्जिंगच्या घरात ठेवले की गळतात, फुटूही शकतात. चिठ्ठी आईसाठी आहे, मावशीला तोंडी सांगितलं.

पहिलं चार्जिंग सात तासांचं, मध्ये उचलायचं नाही. मावशीने दुपारी दोनदा उचलून पाहिलाच. वजन बघत होती म्हणे.

१६ जून, रविवार

आजचा सगळा दिवस भिंतींनी खाल्ला.

फायबरचा, म्हणजे वायफायचा डबा बाहेरच्या सोप्यात आहे, तांब्याची जुनी लाइन गेल्यापासून फोनची तारही त्याच्याच पाठीमागच्या खाचेतून निघते. साहजिकच बेस मी त्याच्या शेजारी ठेवला. हँडसेट १ आईकडे, हँडसेट २ मावशीकडे. संचातले दोन्ही आधीच जोडलेले होते. (पुढे कधी नवा जोडायचा झाला तर बेसवरचं शोधायचं बटण पाच सेकंद दाबून ठेवायचं, मग हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडून पिन द्यायचा. या संचाचा पिन चार शून्यं आहे.)

चाचणीसाठी मुलाला कामाला लावलं. तो माडीवर मावशीच्या खाटेवर बसून इंटरकॉमवर एकोणिसाचा पाढा म्हणायचा, मी दुसरा हँडसेट घेऊन खालच्या खोल्यांतून फिरायचे. पाढा निवडला, कारण मधला आकडा गळला की लगेच कळतं. सोप्यात सगळा पाढा नीट. माजघरात "एकोणीस सक चौदोत्तर" मधलं "सक" गेलं. स्वयंपाकघराच्या दारात टिक-टिक असा इशारा वाजू लागला आणि देव्हाऱ्यापाशी फोन तुटलाच. मग अदलाबदल केली, मी वर आणि तो खाली. खाटेवर बरं होतं, पण मावशी खिडकीत जिथे दिवसभर बसते तिथे पुन्हा टिक-टिक.

कारण समोर उभं होतं. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये दोन फुटांची भिंत आहे, खाली दगड, वर वीट, आत मातीचं भरण. त्यावर कळस म्हणजे माजघरातलं लोखंडी कपाट नेमकं बेस आणि स्वयंपाकघराच्या मध्ये येतं. माहितीपुस्तकात घरात पन्नास मीटर आणि उघड्यावर तीनशे मीटर असं लिहिलंय. ते घर आमच्या पणजोबांनी बांधलेलं नसावं.

आणखी एक गोष्ट मलाही नीट उमगली नव्हती. इंटरकॉम म्हणजे हँडसेटवरून थेट हँडसेटवर जाणारं बोलणं नव्हे. मावशीचा आवाज आधी बेसकडे जातो आणि तिथून आईकडे. दोघी एकमेकींपासून वीस फुटांवर असल्या तरी दोघींना बेस "दिसला" पाहिजे.

मग भिंतीचा नाद सोडला आणि जिना पाहिला. जिन्याच्या वर लाकडी फळ्यांचं आणि तुळयांचं तक्तपोस आहे, त्यात जिन्यासाठी मोठा चौक मोकळा. लाकडातून या लहरी दगडापेक्षा पुष्कळ सोप्या जातात आणि मोकळ्या चौकातून तर बिनधास्त. जिन्याखाली, केरसुण्या ठेवतो तिथे वर एक फळी ठोकली. सोप्यातून आठ मीटर फोनची तार भिंतीच्या कडेने आणली आणि बेस तिथे नेला. पुन्हा पाढा. स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यापाशी, खिडकीत, संडासाच्या दारात, सगळीकडे एकोणीस दाहे नव्वदासे स्वच्छ. मागच्या परसात न्हाणीघरापाशी एकदा टिक-टिक झाली. तिथे त्या दोघी फोन नेत नाहीत. सोडून दिलं.

२२ जून, शनिवार

आठवडाभरात आईने मला लँडलाइनवरून एकदाही फोन केला नाही. विचारलं तर म्हणाली, "लागतच नाही, बाई काहीतरी बोलते."

ती बाई सांगत होती की मोबाइलला आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लागतो. हाताने नंबर फिरवताना आई शून्य लावतेच, सवय झाली आहे. पण नव्या फोनवर आलेल्या कॉलची यादी दिसते. यादीत माझा नंबर शून्याशिवाय दहा आकडी उतरला आहे, आणि तिथूनच हिरवं बटण दाबलं की तो तसाच लागतो.

यादीतून फोन करायचाच नाही असं ठरवलं. फोनच्या वहीत नऊ नंबर भरले, मोबाइलचे शून्यासकट, आणि आकड्यांवर बसवले. दोन दाबून धरलं की मी, तीन दाबून धरलं की नाशिकची धाकटी मावशी, चार म्हणजे डॉक्टर. नऊवर १०८ ठेवला, त्याला शून्य लागत नाही. पुण्याचे लँडलाइन नंबर नुसते आठ आकडी.

२३ जून, रविवार

आज स्वयंपाकघर आणि स्पीकर. ही नोंद लांबणार.

हँडसेट कानाला लावला की आईच्या कानातलं मशीन शीळ घालतं. मशीनच्या स्पीकरमधून निघालेला आवाज फोनच्या कडक प्लॅस्टिकवर आपटून पुन्हा मशीनच्या माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. म्हणून आई फोन आला की मशीन काढून ठेवते, मग ऐकू येत नाही, मग मोठ्याने बोलते. वर्षानुवर्षं मी समजत होते की आई फोनवर ओरडते कारण तिला परगावचा फोन म्हणजे ओरडायचं असं वाटतं.

स्पीकर लावला की हा गुंता सुटतो. मशीन कानातच राहतं, हँडसेट समोर हातभर अंतरावर, शीळ नाही. आईला हे दहा मिनिटांत जमलं आणि तिचा आवाज खाली आला. पलीकडे मी होते, माडीवर. इतक्या हळू आवाजात आई फोनवर बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पण ओट्यावर वेगळंच. कडाप्प्याचा ओटा, मागे गुळगुळीत फरश्या, मांडणीत स्टीलची भांडी. आवाज सगळीकडून परत येतो आणि पलीकडच्याला विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू जातं. हँडसेट उभा भिंतीला टेकवला तेव्हा सगळ्यात वाईट. ओट्यावर आडवा, खाली दुमडलेलं जाड फडकं, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि माइकचं टोक आईकडे, असा ठेवला तेव्हा चांगला. आता ते फडकं फोनचंच झालं आहे. त्याने ओटा पुसायचा नाही.

दुसरी अडचण मिक्सरची. या फोनचा स्पीकर एका वेळी एकच बाजू मोकळी ठेवतो. इकडचा आवाज मोठा झाला की तिकडचा दाबतो, म्हणजे प्रतिध्वनी होत नाही. पण मिक्सर चालू केला की फोनला वाटतं आईच बोलते आहे, आणि मावशीचा आवाज पार बंद होतो. कुकरच्या शिट्टीलाही तेच. मावशीला वाटतं फोन कट झाला. दोघी एकदम बोलल्या तरी दोघींचे शब्द अर्धे-अर्धे होतात, आणि या दोघी एकदम बोलतातच.

याला फोनमध्ये उपाय नाही, बोलण्यातच आहे. मी दोघींना सांगितलं, की वाक्य संपलं की "हं" म्हणायचं आणि थांबायचं. मावशी म्हणाली, "म्हणजे कीर्तनात मागचा टाळकरी थांबतो तसं." अगदी तसंच.

तिसरी गोष्ट आकड्यांची. फोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. वयाने ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीचं. स, श, त, थ, ठ, क ही अक्षरं त्या पट्टीत राहतात. मावशीने इंटरकॉमवर विचारलं, "डॉक्टर सात वाजता म्हणाले ना?" आईला "आठ" ऐकू आलं. औषधांच्या वेळा या फोनवर ठरणार असतील तर हे चालणार नाही. नियम केला, की आकडा नुसता सांगायचा नाही. "सात, सहानंतरचे." "आठ, नऊच्या आधीचे." पहिल्यांदा दोघी हसल्या. संध्याकाळपर्यंत वापरू लागल्या.

३० जून, रविवार

आज पालख्या पुण्यात. लक्ष्मी रस्त्याकडे गाडी नेणं शक्यच नव्हतं, म्हणून मी कोथरूडमध्येच राहिले आणि फोनवरूनच कॉल वर पाठवायची उजळणी घेतली. खरं तर हीच योग्य परीक्षा होती, कारण बाहेरून फोन करणारीला काय ऐकू येतं ते मला तिथे बसून कळलंच नसतं.

पद्धत अशी. मावशीसाठी बाहेरचा फोन आईने उचलला. आईने आयएनटीचं, म्हणजे इंटरकॉमचं बटण दाबायचं. वर मावशीचा हँडसेट वाजतो, बाहेरच्याला धून ऐकू येते. मावशीने उचलला की आईने सांगायचं कोण आहे, आणि मग आपला हँडसेट बेसवर ठेवून द्यायचा. ठेवला की बाहेरचा कॉल मावशीला जोडला जातो.

पहिल्या चारही वेळा आईने मावशी उचलायच्या आत ठेवून दिला. तसं केलं की मावशीचा फोन वाजत राहतो आणि उचलल्यावर तिला एकदम परक्याचा आवाज येतो. ती दचकते. तिला चेहरे दिसत नाहीत, त्यात आवाजही अचानक अनोळखी आला की तिला त्रास होतो, हे तिनेच सांगितलं. म्हणून आईला घड्याळासारखी एक ओळ दिली : "ताईचा हॅलो ऐकला, नाव सांगितलं, मग ठेवला." ही ओळ म्हणत म्हणत पाचव्यांदा जमलं. धून चालू असताना आपलं बोलणं बाहेरच्याला ऐकू जात नाही हे आईला पटत नव्हतं. तिने मुद्दाम आयएनटी दाबून मावशीला काहीतरी सांगितलं आणि मग मला विचारलं, "ऐकलंस का गं?" मी खरंच ऐकलं नव्हतं. काय सांगितलं ते दोघींनी अजून सांगितलेलं नाही.

रस्त्यावरचा टाळांचा आवाज स्पीकरवरून माझ्यापर्यंत येत होता.

७ जुलै, रविवार

मावशीला आयएनटीचं बटण सापडत नाही. पाचवरचं टिंब सापडतं, तिथून खाली दोन ओळी आणि डावीकडे एक, हे तिला सांगितलं. दिवसा जमतं. रात्री झोपेतून उठल्यावर नाही, आणि गरज रात्रीच असते. परवा रात्री तिने लाल बटण, मग मेनू, मग कुठलंतरी काहीतरी दाबलं आणि फोन इंग्रजीतून कसली तरी भाषा निवडायला सांगू लागला.

तुळशीबागेतली खड्याची टिकली आणून आयएनटीवर लावली. हाताला छान लागते. जून-जुलैची दमट हवा, बोटाचा घाम, पाचव्या दिवशी टिकली गादीवर. मग नेलपॉलिशचे थर दिले, एक वाळला की दुसरा, असे चार. छोटासा उंचवटा झाला आहे, मुगाच्या डाळीएवढा. मावशी अंगठा फिरवून म्हणाली, "हं, आता हा माझा."

दोन सेटिंग बदलली. मावशीच्या हँडसेटला "कोणतंही बटण दाबून उचला" चालू केलं, आणि चार्जरवरून उचलला की आपोआप कॉल घेतला जाईल हेही. आईच्या हँडसेटला मात्र दुसरं बंदच ठेवलं. ती धूळ पुसायला म्हणून फोन उचलते.

मामेभावाने तिसरा हँडसेट देऊ केला आहे, बाहेरच्या सोप्यासाठी. बेसला सहापर्यंत चालतात. मी नको म्हटलं, त्याला थोडं वाईट वाटलं. दोनच हँडसेट असले की आयएनटी दाबल्याबरोबर थेट दुसरा वाजतो. तीन झाले की आयएनटी दाबून मग एक, दोन किंवा तीन निवडावं लागतं. सोप्यातल्या सोयीसाठी मावशीला रात्री अंधारात आणखी एक बटण शोधायला लावणं मला मान्य नाही.

१४ जुलै, रविवार

मावशी रोज इंटरकॉम लावते, आई उचलत नाही. मावशी रागावून काठी आपटते, मग आई धावत वर. म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच.

आईला रिंगच ऐकू येत नव्हती. हँडसेटच्या सगळ्या धून किणकिणाट करणाऱ्या, वरच्या पट्टीतल्या, म्हणजे नेमक्या तिच्या गेलेल्या भागातल्या. एकेक वाजवून पाहिली, आई पाठमोरी पोळ्या लाटत होती. बारापैकी तीन तिने ऐकल्या. त्यांतली सगळ्यात खर्जातली, बझरसारखी घुर्र करणारी, ती इंटरकॉमला लावली. बाहेरच्या फोनला दुसरी, म्हणजे कोण बोलावतंय ते उचलायच्या आधीच कळेल. आवाज पूर्ण.

जुना डबा-फोन, जाड घंटी असलेला, तारेवर समांतर जोडून पाहिला. बाहेरचा फोन आला की तो सबंध वाड्याला ऐकू जाईल असा वाजतो. इंटरकॉमला वाजत नाही, वाजणारही नाही, कारण इंटरकॉमचं बोलणं बाहेरच्या तारेवर येतच नाही, बेसपुरतंच राहतं. तरी राहू दिला.

दुपारी मात्र मावशीने स्वतःच तोडगा काढला. आयएनटी दाबते आणि काठीचा एक ठोका देते. लाकडी जमिनीचा ठोका आईला कानाने कमी आणि पायाने जास्त कळतो, ती हात पुसते आणि फोनकडे वळते. आज तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा आईने उचलला. मला हे सुचलं नसतं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. नाशिकच्या मावशीचा फोन आला, आईने घेतला, वर जोडला, आणि हँडसेट ठेवायच्या ऐवजी मी तिला आयएनटी दाबून धरायला लावलं. तिघींचा एकत्र कॉल. २०१९ नंतर या तीन बहिणी एका खोलीत बसलेल्या नाहीत.

सुरुवातीला मावशीला खाली आणून बसवलं होतं, दोघींचे स्पीकर एकाच खोलीत चालू केले आणि जी किंकाळी उठली, तिने मांजर पळालं. एका हँडसेटच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये, असं गोल-गोल फिरलं. मावशीला पुन्हा वर नेलं, मग नीट चाललं. चौतीस मिनिटं. विषय : आजीच्या हातचं फणसाचं सांदण, त्यात गूळ किती, आणि १९५८ साली कोणी कोणाची शाई सांडली. "हं" म्हणून थांबायचा नियम कोणीही पाळला नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्याला सोसायट्यांमध्ये पाणी. पेठेत पाणी नाही, पण पहाटे लाइट गेले. मला निघता येत नव्हतं.

सव्वासहाला लँडलाइन लावला, लागला. फायबरचा डबा आणि बेस दोन्ही मी कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर ठेवले होते. आई म्हणाली सगळं ठीक, ताईला चहा दिला. पावणेआठला पुन्हा लावला, नुसती रिंग जात होती, उत्तर नाही. यूपीएस संपला होता. आईचा मोबाइल पिशवीत. मी सव्वानऊपर्यंत घरात येरझारा घालत होते, शेवटी समोरच्या काकूंनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की दोघी माडीवर खिडकीत बसून पाऊस बघताहेत.

तांब्याच्या तारेच्या काळात फोनला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायचे. वाड्यातली वीज गेली तरी फोन चालायचा. आता डबा बंद, बेस बंद, आणि बेस बंद म्हणजे इंटरकॉमही बंद, हँडसेट कितीही चार्ज केलेले असोत. मी पुढे काठी वापरायचं बंद करा असं त्यांना एकदाही म्हटलं नाही, याचं आज बरं वाटलं.

२८ जुलै, रविवार

दोन यूपीएस केले. फायबरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा वेगळा. जुना यूपीएस फक्त बेससाठी. विजेचा बहुतेक भार डब्याचा आणि त्यातल्या वायफायचा होता, बेसला अगदी थोडी वीज लागते. मुख्य बटण बंद करून चाचणी : दीड तासात जिथे सगळं संपलं होतं, तिथे आज बेस साडेपाच तासांनीही चालू होता. मग मावशी म्हणाली पंखा लाव, म्हणून चाचणी थांबवली.

आईचा मोबाइल रोज रात्री देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला लावायचा. नंदादीपाचं तेल बघते तेव्हा तोही बघेल.

११ ऑगस्ट, रविवार

पुन्हा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रेघा मारल्या. आईच्या जिन्याच्या फेऱ्या चार : दोन जेवणाच्या, एक औषधांची, एक सहज. मावशी एकदाही उतरली नाही. इंटरकॉम सोळा वेळा. सोळापैकी एक कॉल मी माजघरात बसून ऐकला.

"अगं."

"काय गं ताई?"

"काही नाही. पाऊस थांबला का बघ."

"थांबलाय. हं."

"हं."

बाकी कामं : मावशीच्या चार्जरची तार खाटेच्या पायात येते, ती भिंतीला क्लिपने लावायची. नेलपॉलिशचा एक थर निघाला आहे, पुढच्या रविवारी पुन्हा. सेलची एक जादा जोडी आणून ठेवायची, संचात होते तेच, निकेलचे.